एक डिझाईन, चार मॅचिंग

तापीच्या पलीकडे डोंगर आहेत, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. जन्म सुरतेतला. नवागामच्या घरापासून रिंग रोडच्या मार्केटपर्यंत शेअर रिक्षात बसून हाडं खिळखिळी झाली, पुलावरून तापी कितीदा ओलांडली, पण डोंगर काही नजरेस पडला नव्हता. मी ज्यांच्याकडे काम करते त्या शेठनी आणलेल्या चित्रात मात्र तो होता. चांगला टोकदार, वर बर्फ पडायला हरकत नाही असा. त्याच्या पायथ्याशी नारळाची रांग, मग नदी, नदीत शिडाची जहाजं, अलीकडे घाट, घाटावर धुणं धुणाऱ्या बायका आणि त्यांच्या मधोमध एक हत्ती. हत्ती पाणी पीत नव्हता की अंघोळ करत नव्हता. दाखला काढायला आलेल्या माणसासारखा नुसता उभा होता. खाली विलायती अक्षरांत गावाचं नाव होतं म्हणून बरं, नाहीतर आपण आपल्याच गावाकडे बघतोय हे कुणाला कळलं नसतं.

हे चित्र म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका प्रवासाच्या पुस्तकातलं पान. कोणी एक गोरा साहेब सुरतेला आला, आंबे खाल्ले, आजारी पडला आणि परत जाऊन त्याने जाडजूड पुस्तक काढलं. त्यातली चित्रं तिकडच्या कारागिरांनी तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून केली. ते कारागीर कधी बोटीत चढले नव्हते. साहेबाने सांगितलं नदी होती, यांनी नदी कोरली. साहेबाने सांगितलं उकडत होतं, यांनी नारळ कोरले. दुरून डोंगर साजरे म्हणतात. यांनी तर इतक्या दुरून पाहिलं की नसलेले डोंगरही साजरे झाले.

छापलेलं पान काळं-पांढरंच निघायचं. रंग मागाहून हाताने भरायचे. लांब टेबलाभोवती बायका-मुली बसायच्या, समोर नमुन्याचं एक चित्र ठेवलेलं असायचं. एकीने निळा घेऊन आकाश भरायचं आणि पान पुढे सरकवायचं, दुसरीने हिरव्याने झाडं उरकायची. ही सगळी माहिती विकणाऱ्याने चित्रांबरोबर छापून पाठवली होती. वाचून मला हसू आलं. मी आयुष्यभर दुसरं काय केलं होतं?

मी साडीच्या डिझाईनला रंग देते. मराठी शाळेत चित्रकला बरी होती. घरात बाप मागावर आणि आई दिवसभर साड्यांना टिकल्या चिकटवायची. त्यामुळे मार्केटमध्ये कुणीतरी ब्रश हातात दिला तेव्हा घरच्यांना वाटलं पोरगी कलेक्टर झाली. आमच्या धंद्यात एका डिझाईनची एकटी साडी कधी नसते. तेच फूल, तीच वेल, सहा नाहीतर आठ रंगांत निघते. त्याला मॅचिंग म्हणतात. व्यापारी साडी मागत नाही, सेट मागतो. गुलाबी जमीन असेल तर पानं कोणत्या हिरव्याची, जांभळी असेल तर काठ कसा, हे कागदावर ब्रशने करून दाखवणं माझं काम. पूर्वी आमच्या टेबलाभोवती पाय ठेवायला जागा नसायची. मग शेजारच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर आले, एकेक खुर्ची रिकामी होत गेली आणि मी एकटी उरले.

दिवाळीनंतर मार्केट उघडलं, तेव्हा शेठनी पेढा हातात ठेवून सांगितलं की आता सगळं काम कॉम्प्युटरवर होणार, हे टेबल काढायचं आहे. मी पेढा खाल्ला. तोंड गोड करून पोटावर पाय देणं ही आमच्या शेठची खास कला आहे. मी विचारलं, "आणि मी?" शेठ म्हणाले, "जोईशुं, बेन." म्हणजे बघू. "पहेला मारी दीवाल करी आपो." आधी माझी भिंत करून द्या.

भिंत वेसूच्या नव्या बंगल्यातली. शेठच्या मुलीचं लग्न लंडनच्या घरात ठरलं होतं आणि व्याही मंडळी घर बघायला येणार होती. विहीणबाई व्हिडिओ कॉलवर बोलल्या तेव्हा त्यांच्या डोक्यामागे असंच एक जुनं चित्र टांगलेलं दिसलं होतं. शेठनी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, जुन्या पुस्तकातलं आहे, हाताने रंगवलेलं, आमच्या सासऱ्यांनी जपलंय. त्या दिवसापासून शेठची झोप उडाली. ज्या माणसाने आयुष्यात कॅलेंडरशिवाय भिंतीवर काही लावलं नाही, तो मला विचारू लागला की हाताचा रंग कसा ओळखायचा. मी पंचवीस वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलावर हाताने रंग लावत होते. त्यांनी मान वळवली असती तरी दिसलं असतं.

मुंबईचा एक चित्रं विकणारा शोधला गेला. फोन स्पीकरवर टाकून शेठ बोलायला बसले आणि मला शेजारी बसवलं.

"भाई, आ डिझाईनमां केटला मॅचिंग आवे?"

म्हणजे या डिझाईनमध्ये किती मॅचिंग येतात. मग तो सभ्य माणूस हिंदीत म्हणाला, "सर, ये साडी नहीं है. पुरानी किताब का चित्र है."

"हा, पण कलर तो अलग अलग आवे ने?"

"वो तो आता है सर. हर कॉपी अलग हाथ से रंगी है."

शेठनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. "जोयुं, बेन? मॅचिंग ज थयुं." आणि फोनमध्ये म्हणाले, "फुल सेट मोकलो."

जगात लोक अशा चित्राची एक प्रत शोधतात, मिळाली तर जपतात. आमच्या शेठनी सेट मागवला. त्या माणसाने पुष्कळ समजावलं की साहेब, वेगवेगळी चित्रं घ्या, एक किल्ल्याचं घ्या, एक बाजाराचं घ्या, एकच चित्र चारदा कशाला? शेठना ते पटेना. एक साडी दुकानात ठेवली तर गिऱ्हाईक विचारतं, यात दुसरा रंग आहे का. नाही म्हटलं की दुकानाची इज्जत जाते. व्याह्यांनी विचारलं तर? शेवटी तो माणूस हरला. चार निरनिराळ्या फाटक्या पुस्तकांतून निघालेल्या एकाच पानाच्या चार प्रती त्याने गोळा केल्या आणि पाठवल्या.

पार्सल ऑफिसात उघडलं. पहिल्या चित्रात आकाश निळं, डोंगर जांभळट आणि घाटावरच्या झाडून सगळ्या बायका गुलाबी. दुसऱ्यात हिरवीवालीचा हात सैल सुटला होता, नारळ हिरवे, नदी हिरवी, हत्तीच्या पोटालाही थोडा ओघळ. तिसरं तापलेलं होतं, जणू साऱ्या गावाला आग लागलीय आणि बायका तरी धुणं धुतायत. शेठनी भिंग घेतलं. हे भिंग छपाईतली खोट काढायला असतं. रेघेच्या बाहेर रंग गेला की तो माल सेकंड. आकाशाचा निळा शिडावर चढलेला बघताच शेठ उसळले. "आ तो सेकंड छे!" मुंबईला फोन लागला. रंग बाहेर गेलाय, भाव कमी करा. तो बिचारा म्हणाला की तेच तर हाताच्या कामाचं लक्षण. शेठ म्हणाले, लक्षण तुमच्याकडे ठेवा. आणि भाव कमी करून घेतला. मला आजही कळत नाही की त्या माणसाची कीव करावी की शेठना दंडवत घालावा.

चौथं चित्र उघडलं आणि शेठचा चेहरा पडला. त्यात रंगच नव्हता. काळ्या रेघा आणि पिवळा पडलेला कागद.

"आ तो ग्रे छे!"

ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड, ज्याचं अजून काही झालेलं नाही. आमच्याकडे ग्रे दिसला की पुढचा विचार एकच, सचिन गावातल्या मिलमध्ये पाठवा आणि रंगवून आणा. मुंबईचा माणूस फोनवर अक्षरशः हात जोडत असणार. "सर, उसको हाथ मत लगाइए. वो ऐसा ही बिका था. छपाई सबसे साफ उसी की है." पण शेठनी एका वाक्यात विषय मिटवला. "लगनवाळा घरमां धोळुं न चाले." लग्नाच्या घरात पांढरं चालत नाही. यापुढे कोण काय बोलणार? चित्र माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले, "बेन, आनुं मॅचिंग करी आपो. जूनुं लागवुं जोईए." मॅचिंग करून द्या, जुनं दिसलं पाहिजे. वर एक सल्लाही दिला, चहाच्या पाण्यात बुडवा.

आता खरं सांगते. मुंबईचा माणूस बरोबर होता. ते पान तसंच ठेवायला हवं होतं, आणि तसं मी शेठना एकदा म्हटलंही. पण पान माझ्या टेबलावर येऊन पडलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. माझं काम नेहमी कागदावरून स्क्रीनवर जायचं, तिथून कापडावर. कागद गठ्ठ्यात, गठ्ठा रद्दीत. माझ्या हाताने लावलेला रंग जसाच्या तसा कुठल्या भिंतीवर राहील, असं कधी झालंच नव्हतं. आणि शेठचं 'जोईशुं' अजून हवेत होतं. हे नीट झालं तर टेबल राहील, असं मला वाटत होतं. वाटायला पैसे पडत नाहीत.

कागद जुना, पाण्याचा थेंब पडला की टिपकागदासारखा प्यायला लागायचा. फ्रेमखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यावर करून बघितलं, मग तुरटीचं पाणी हलक्या हाताने फिरवलं, वाळू दिलं. चहाला मी शिवले नाही. रंग पातळ केले, इतके की रेघ खालून श्वास घेत राहावी. आकाशाला जवळजवळ काहीच दिलं नाही. सुरतेचं आकाश निळं असतं असं म्हणणाऱ्याने एकदा उधन्याच्या धुरात येऊन बघावं. नदी मातीच्या रंगाची केली. डोंगर पुसता येत नव्हता, म्हणून त्याला आकाशाच्याच रंगात असा बुडवला की आहे म्हटलं तर आहे, नाही तर ढग. हत्तीला हत्तीचा रंग दिला. आधीच्या तिघींनी तेवढंही केलं नव्हतं.

मग बायका राहिल्या. सगळ्यांत खालच्या पायरीवर एक वाकलेली होती, पिळा घालताना माणूस वाकतं तशी. मी तिला मातकट जांभळा दिला, धुऊन धुऊन विटलेला. माझी आई शेवटपर्यंत त्या रंगाचं लुगडं नेसायची. हा रंग मी आजवर कितीतरी डिझाईनमध्ये घालून बघितला आणि शेठनी दर वेळी बोट ठेवून काढायला लावला. त्यांच्या भाषेत हा 'मरेलो कलर', म्हणजे मेलेला रंग, दुकानात उठत नाही. या वेळी मी त्यांना विचारलंच नाही.

मोबाइलवर फोटो काढून घरी वडिलांना दाखवला. मागाच्या खटखटाटात त्यांचे कान गेले आहेत, त्यामुळे साधं बोलतात तेही सगळ्या गल्लीला सांगितल्यासारखं. फोन डोळ्यांशी नेऊन आमच्या अहिराणीत ओरडले, "कोनतं गाव शे हाई?"

"सुरत."

"आठे डोंगर कोठे शे?"

"काढणाऱ्याला दिसला."

"मंग त्याले सांग, मना साठ वरीस आठे गयात, माले बी दखाड."

मग त्यांनी बोटांनी चित्र मोठं केलं. हे त्यांना नातीने शिकवलंय आणि तेव्हापासून ते पत्रिकेतला मजकूरही बोटांनी ताणून बघतात. खालच्या पायरीपाशी येऊन थांबले. या वेळी आवाज खाली आला. "हाई तं तुनी मायनं लुगडं शे." मला भरून आलं, म्हणून मी त्यांच्यावरच खेकसले की चहा गार होतोय.

शेठनी चित्र बघितलं, नाक मुरडलं. "बेन, मरेलो कलर नाख्यो." मग बाकीच्या तिघांशेजारी ठेवून बघितलं, मागे सरकले, पुढे आले. "पण जूनुं लागे छे. चालशे." शेठच्या तोंडून 'चालशे' निघणं म्हणजे दुसऱ्या कुणी गळ्यात हार घालणं. मी त्या दिवशी रिक्षातून उतरून घरी जिलेबी नेली.

व्याही यायच्या दिवशी सकाळीच मला वेसूला बोलावलं. चारही चित्रं सोनेरी फ्रेममध्ये होती. फ्रेमवर इतकी वेलबुट्टी की आतलं गाव शोधावं लागत होतं. सुताराने खिळे मारले, मी लांबून डावं-उजवं सांगितलं. शेठ पाणसळीची पट्टी लावून बघत होते. बुडबुडा मध्यावर आला तसे ते माझ्याकडे न वळता म्हणाले, "बेन, आ महिनाना छेल्ला दिवस सुधी आवजो. पछी घेर आराम करो." या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत या, मग घरी आराम करा. आणि लगेच सुताराला, "थोडुं उपर."

मला राग आला. असा की हातातला फडका मी पिळून काढला, तो कोरडा होता तरी. भिंत सरळ झाली होती, माझं काम संपलं होतं, आणि ते सांगायला त्यांना बुडबुडा मध्यावर यायची वाट बघायची होती. मी जायला निघाले, तर म्हणाले, थांबा, कोणी रंगाचं विचारलं तर सांगायला कुणीतरी हवं. आणि आवाज खाली आणून, "चोथानुं कंई बोलता नहीं." चौथ्याबद्दल काही बोलू नका. मी थांबले. का थांबले? एकदा तरी कुणाला ते चित्र बघताना बघायचं होतं, म्हणून.

व्याही आले. खमण आलं, घारी आली, लोचोही आला. लंडनचे व्याही ताटात काय येतंय त्याकडे नुसते बघत बसले. मग सगळी वरात भिंतीपाशी. व्याह्यांनी फ्रेमवर टिचकी मारून "व्हेरी नाइस" म्हटलं. शेठ सांगू लागले की दोनशे वर्षं जुनं, हाताचं काम, आणि एक नाही, फुल सेट. "एक डिझाईन, चार मॅचिंग," असं म्हणताना त्यांनी हात असा फिरवला की आता पलीकडून साड्या उलगडतील असं वाटलं. विहीणबाई पुढे झाल्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात साखळीला चष्मा अडकवलेल्या. गुलाबी बायकांसमोरून गेल्या, हिरव्या नदीसमोरून गेल्या, आगीसमोरून जरा लवकरच गेल्या. चौथ्यापाशी उभ्या राहिल्या. चष्मा डोळ्यांना लावला. पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांचं बोट खालच्या पायरीजवळ आलं, काचेला न लागता थांबलं.

"केटलुं सुंदर," त्या म्हणाल्या. "आ रंग कोणे पूर्या हशे?" हे रंग कुणी भरले असतील?

माझं काळीज असं धडधडलं की वडिलांनासुद्धा ऐकू गेलं असतं. मी शेठकडे पाहिलं. त्यांना एक शब्द बोलायचा होता. ही बेन, एवढंच. टेबल नको, पगार नको, एवढंच म्हटलं असतं तरी मी गप्प घरी गेले असते आणि त्यांना जन्मभर चांगलं म्हटलं असतं.

शेठनी हळहळ वाटल्यासारखी मान हलवली. "त्यांनो कोई कारीगर. बसो वरस थयां. ए तो क्यारनो मरी गयो होय, बिचारो." तिकडचा कोणी कारागीर, कधीचाच मेला असेल.

सगळ्यांनी त्या मेलेल्या कारागिरासाठी क्षणभर चेहरे गंभीर केले. व्याह्यांनी तर उसासाही टाकला. हाताच्या कामाला केवढा तो मान! फक्त हात मेलेला पाहिजे.

"ना शेठ, ए मरी नथी," मी म्हणाले. "आ महिनाना छेल्ला दिवस सुधी आववानी छे."

शेठचा हात फ्रेमवर होता तिथेच राहिला. विहीणबाई वळल्या. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता, आणि नखांत मातकट जांभळा अडकलेली माझी बोटं मी पदराआड घेतली नाहीत.